वर्णाचा रकाना आणि क्रीमची डबी



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या केडगावात समाजाचा वधू-वर परिचय मेळावा झाला. कारकुनाची नोकरी आणि अक्षर बरे, म्हणून नावनोंदणीचे टेबल दरवर्षी आमच्याकडेच येते. जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी हे रकाने भराभर भरून होतात. पुढे 'वर्ण' हा रकाना येतो आणि तिथे माणसे अडखळतात. सुप्याच्या कारखान्यात कामाला असलेले एक गृहस्थ टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "ताई, तेवढं गव्हाळ लिहा. पोरगी सावळी हाय, पण क्रीम चालू हाय तिचं. लई फरक पडलाय."

मुलगी शेजारीच मान खाली घालून उभी होती. आम्ही तिच्याकडे पाहिले. गाल पांढरट-तांबूस, त्यावर बारीक लाल शिरांचे जाळे, कपाळावर पुटकुळ्या. मान आणि हात मात्र तिच्या मूळच्या सावळ्या रंगाचे. चेहरा एकीचा आणि मान दुसरीची असावी, असे दिसत होते. आम्ही पेन खाली ठेवले, कारण असाच चेहरा वीस वर्षांपूर्वी आम्ही आमच्या आरशात पाहिला होता.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. क्रीम-पावडरीबद्दल जाहिरात बोलते, पार्लरवाली बोलते, शेजारीण बोलते. पण पदरचे पैसे घालून वापरलेल्या बाईने खरे काय ते सांगितले, असे क्वचितच घडते. आम्ही डॉक्टर नव्हे. बी.कॉम. झालेली, ऑफिसात फायली सांभाळणारी बाई. जे वापरले, जे भोगले आणि नंतर जाणकारांना विचारून व वाचून जे समजले, तेवढेच येथे लिहितो.

आमची स्वतःची गोष्ट

२००३ च्या सुमारास आम्हाला नोकरी लागली, पण लग्न जमेना. बघायला येणारे पोहे खाऊन जात आणि चार दिवसांनी निरोप येई, "मुलगी गुणाची आहे, पण रंग जरा दबका आहे." आईच्या डोळ्यांना धार लागे. अशात एका मैत्रिणीने एका ट्यूबचे नाव सांगितले. मेडिकल दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाली, किंमतही फार नव्हती. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. ऑफिसात सगळ्या विचारू लागल्या. आम्ही दोघींना तीच ट्यूब सुचवली, याचे आज वाईट वाटते.

सहा महिन्यांनी खरा प्रकार सुरू झाला. दोन दिवस ट्यूब लावली नाही की चेहऱ्याची आग होई. उन्हात पाऊल टाकले की मिरची लावल्यासारखे वाटे. हनुवटीवर लव वाढली, कधी नव्हत्या त्या पुटकुळ्या आल्या. ट्यूब लावली की पुन्हा शांत. दारू सुटत नाही म्हणून आम्ही नवऱ्यांना बोल लावतो, पण आमची ट्यूब सुटत नव्हती. दोन वर्षांनी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेऊन विचारले, "हे औषध तुम्हाला कोणत्या आजारासाठी दिले होते?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. स्टेरॉइडचे मलम हे इसबासारख्या आजारावरचे चांगले औषध आहे. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस, सांगितले तिथेच लावायचे. मोमेटासोन हे स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉईन अशी तीन औषधे एकत्र असलेली ट्यूब वांगावर थोडे दिवस देतात. तीच आपल्याकडे 'गोरे होण्याची क्रीम' म्हणून महिनोन् महिने फासली जाते. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, आतल्या शिरा दिसू लागतात आणि त्वचेला त्याची सवय लागते. या बिघडलेल्या चेहऱ्याला आपल्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळे नावच दिले आहे: स्टेरॉइडने खराब झालेला चेहरा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. ट्यूबवर तांबडी उभी रेघ किंवा 'आरएक्स' अशी खूण दिसली, तर ते प्रसाधन नव्हे, औषध आहे असे समजावे.

आमची ट्यूब सुटायला वर्ष लागले. लग्न झाले ते त्यानंतर, आमच्या सावळ्या रंगावरच.

बिननावाची डबी

मेळाव्यातल्या त्या मुलीला आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत नेले. "पोरी, लावतेस ते दाखव," म्हटल्यावर तिने पिशवीतून पांढरी प्लास्टिकची डबी काढली. वर कागद नाही, कंपनीचे नाव नाही, काही नाही. "मावशी, पार्लरवाल्या ताई स्वतः बनवतात. आयुर्वेदिक आहे," ती म्हणाली. तीनशे रुपयांची डबी, महिनाभर पुरते.

आम्हाला धडकी भरली ती अकोल्याची बातमी आठवून. २०२३ च्या सुरुवातीला ती वर्तमानपत्रांत आली होती. अकोल्यातील एका घरात कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. एकाच घरात तिघींना एकच आजार कसा, याचा शोध डॉक्टरांनी घेतला, तेव्हा तिघी एकच गोरेपणाचे क्रीम लावत असल्याचे कळले. ते स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याची तपासणी झाली आणि त्यात पारा निघाला.

केरळमध्ये कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही असाच अनुभव नोंदवला. लघवीतून प्रथिने वाहून जाण्याच्या मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण त्यांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात तपासले. त्यांतील १५ जणांचा आजार एका विशिष्ट, एरवी कमी आढळणाऱ्या प्रकारचा होता, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम लावत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

पारा क्रीममध्ये कशाला घालतात? आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार होते. पारा ते तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. क्रीम लावलेल्या हातातून, टॉवेलमधून तो घरातल्या लेकरांपर्यंतही पोचतो. पायावर, डोळ्यांखाली सूज येणे, लघवीला फेस येणे ही मूत्रपिंड बिघडल्याची लक्षणे होत. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांच्या प्रसाधनांचा अपवाद वगळता, तयार मालात नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. २०२३ मध्ये जिनिव्हा येथे मिनामाता करारातील देशांनी पारा घातलेली सर्व सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. पण बिननावाच्या डबीला कोणता कायदा वाचता येतो?

म्हणून डबी हातात घेतल्यावर आधी वाचा. बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि आतल्या घटकांची यादी पाहिजे. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक पाहिजे. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरिक, कॅलोमेल असे शब्द असतील तर ती घरात आणू नका. 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लावू नये' अशी सूचना असेल तरी पाऱ्याचा संशय घ्यावा. यांपैकी काहीच छापलेले नसेल तर ती डबी 'आयुर्वेदिक' म्हणून पवित्र होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय असते, तेथे तक्रार करता येते.

जाहिरातीतले गोरेपण

आता नावाजलेल्या कंपन्यांच्या क्रीमबद्दल. हिंदुस्तान लिव्हरने १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणले. आमचे बालपण दूरदर्शनवर त्याच्या जाहिराती पाहण्यात गेले. सावळी मुलगी क्रीम लावते, आठवड्यात उजळते आणि तिला नोकरी व नवरा दोन्ही मिळतात. २००५ मध्ये इमामीने पुरुषांसाठीही वेगळे क्रीम काढले. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर जगभर आवाज उठला आणि कंपनीने 'फेअर' शब्द काढून नाव 'ग्लो अँड लव्हली' केले.

आमचे प्रामाणिक मत असे, की परवाना असलेल्या कंपनीच्या अशा क्रीमने मूत्रपिंड जात नाही. त्यात 'ब' गटातले एक जीवनसत्त्व असते, उन्हापासून थोडे संरक्षण असते. चेहरा मऊ राहतो, उन्हाने आलेला काळेपणा जरा कमी दिसतो. पण जन्माचा रंग बदलत नाही. तो आईबापांकडून आलेला असतो. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक त्या किती मेलॅनिन तयार करतात याचा. आणि हेच मेलॅनिन आपल्या नगर जिल्ह्याच्या उन्हात आपले रक्षण करते. त्या क्रीममध्ये आम्हाला खटकते ती तिची जाहिरात. आधी आमच्या रंगाची लाज वाटायला लावायची आणि मग त्या लाजेवरचे औषध आम्हालाच विकायचे, असा हा धंदा झाला.

बाकीच्या वस्तूंबद्दल

आता कोणी म्हणेल, बाई नटण्याच्या विरुद्ध आहेत. मुळीच नाही! एकेक वस्तू घेऊ.

लिपस्टिक : ऑफिसात आम्ही लावतो. प्रसन्न वाटते. परवाना असलेल्या कंपनीची लहान का होईना, घ्यावी. रस्त्यावरच्या ढिगातली बिननावाची घेऊ नये, कारण ओठांवरचे पोटात जाते. एकमेकींची वापरू नये.

पावडर : घाम टिपायला ठीक. तान्ह्या बाळाला मात्र फासू नये, तिची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते.

काजळ आणि सुरमा : तरुण मुलींनी कंपनीचे काजळ लावावे, रात्री पुसावे. सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजाचा असतो, तो नकोच. बाळाच्या डोळ्यात घरचे काजळही घालू नये. त्याने डोळे मोठे होत नाहीत, उलट जंतुसंसर्गाचे भय. दृष्ट लागते म्हणून तीट लावणाऱ्यांना काय सांगावे, ते तुम्हीच ठरवा.

टिकली : बौद्ध स्त्रीने टिकली लावावी की नाही, हा वाद येथे नको. पण लावत असाल तर हे माहीत असावे, की काही टिकल्यांच्या डिंकात असलेल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज आली की टिकली त्याच दिवशी बंद करावी.

केसांचा रंग आणि काळी मेहंदी : खऱ्या मेहंदीचा रंग तांबूस-नारिंगी येतो. झटपट काळा रंग देणारी 'मेहंदी' ही डायच असते. त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाने काहींचा चेहरा सुजतो, डोळे मिटतात. आधी कानामागे ठिपका लावून दोन दिवस वाट पाहावी. हा त्रास आमच्या जाऊबाईंनी भोगला आहे. ठिपका लावून पाहायला पाच मिनिटे लागली असती, सूज उतरायला आठवडा गेला.

घरगुती उपाय : दूध, साय, खोबरेल, बेसन यांनी त्वचा मऊ राहते, रंग बदलत नाही. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्याला चोळू नका. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडतात. घरचे म्हणजे निर्धोक, असे नसते.

ऊन अडवणारे क्रीम : वांग असेल तर सर्वांत उपयोगी वस्तू हीच. परवडत नसेल तर छत्री, ओढणी आणि पुणे रोडवर दुचाकीने जाणाऱ्या आपल्या मुली बांधतात तो स्कार्फ यांनीही पुष्कळ काम होते.

एवढ्या वस्तू वापरून आम्ही एक साधा नियम केला आहे. जे रात्री पाण्याने धुऊन निघते, ते हौसेने लावावे. जे तुम्हालाच बदलून टाकीन म्हणते, ते लावू नये.

थोडा हिशेब

आकडेमोडीची सवय, म्हणून सांगतो. तीनशे रुपयांची डबी महिन्याला, म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. लग्न जमेपर्यंत तीन वर्षे धरली तर १०,८०० रुपये. एवढ्या पैशात मुलीच्या स्पर्धा परीक्षांचे अर्ज, टायपिंगचा वर्ग आणि पुस्तके होतात. मूत्रपिंड बिघडले तर पुढचा खर्च या हिशेबात बसत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस ज्यांच्या घरी आहे, त्यांना विचारा.

बाबासाहेब काय म्हणाले होते

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि जे जाडजूड दागिने पाहून लोक तुमची जात ओळखतात, ते सोडा. नीटनेटके, स्वच्छ राहा, असा त्याचा आशय होता. चांगले दिसण्याला त्यांचा विरोध नव्हता. दुसऱ्याने लादलेली कमीपणाची खूण अंगावर वागवू नका, एवढे त्यांना सांगायचे होते. आमच्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले. मग त्यांच्या नातींनी स्वतःच्या कातडीलाच कमीपणाची खूण मानून ती घासून काढायची, हे कोणत्या चळवळीत बसते? गोरा तो वरचा आणि काळा तो खालचा, हा समजही बाबासाहेबांना मान्य नव्हता. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, हे त्यांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले.

धम्मातही नटण्याला बंदी नाही. पंचशीलात तसे काही नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणाऱ्या स्त्रिया त्या दिवसापुरते हार, अत्तर, लेपन दूर ठेवतात. वर्षावासात विहारात पांढऱ्या साडीत, पावडरीशिवाय बसलेल्या आपल्या बायका पाहाव्यात. त्यांच्यात सुंदर कोण, हा प्रश्न त्या दिवशी कोणाला पडत नाही.

रकान्याचे काय झाले

मेळाव्यानंतरच्या बैठकीत आम्ही प्रश्न मांडला. ज्या चातुर्वर्ण्याविरुद्ध आपण लढलो, त्याच 'वर्ण' शब्दाचा रकाना आपल्याच अर्जात कसा? तो काढून टाकावा. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी हरकत घेतली, "ताई, तुमचं तत्त्व बरोबर आहे. पण मुलाकडचे विचारतातच. अर्जात नसलं तर फोन करून विचारतील." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, "विचारू द्या. पण आपल्या छापील कागदाने तरी विचारू नये." आणि त्यांना सांगितले, की शादी डॉट कॉम या मोठ्या विवाहसंस्थेनेही बायकांच्या मागणीवरून जून २०२० मध्ये रंगावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. व्यापारी माणसाला जे जमले ते आपल्याला का जमू नये?

तास-दीड तास चर्चा झाली. शेवटी रकाना काढला. त्या जागी 'छंद' छापायचे ठरले.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात नेले. वडील कामावर रजा टाकून आले होते. लघवीची तपासणी चांगली निघाली, तेव्हा ते बाकावर बसून बराच वेळ काही बोललेच नाहीत. डबी बंद झाली. पहिले दोन महिने चेहऱ्याची आग झाली, पोरीने रडून रडून फोन केले, पण डॉक्टरांचे औषध नेमाने घेतले. आठ महिन्यांनी चेहरा मानेच्या रंगाला आला. लग्न अजून जमलेले नाही. तिने कॉम्प्युटरचा वर्ग लावला आहे.

परवा ती भेटली. ओठांवर गडद लाल लिपस्टिक होती. आम्ही विचारले, "ही कुठली गं?" तिने पर्समधून काढून आमच्या हातात दिली आणि म्हणाली, "मावशी, वाचून बघा, परवाना नंबर आहे."

भगिनींनो, आज आपल्या घरातल्या आरशापुढच्या डब्या एकदा उजेडात आणून वाचा. ज्यांवर नाव नाही, त्या लेकीसुनांना विचारून बाजूला काढा. आणि तुमच्या गावच्या मेळाव्याच्या अर्जात तो रकाना असेल, तर येत्या बैठकीत हात वर करा. जयभीम.